टिलरींचा अर्धा एकर

३ मार्च २००४, बुधवार

एक्क्याऐंशीव्या वर्षी दैनंदिनी सुरू करणाऱ्या माणसाची दोनच कारणे संभवतात: त्याला स्वतःचे आयुष्य महत्त्वाचे वाटू लागले आहे, किंवा स्वतःची स्मृती बेभरवशाची वाटू लागली आहे. माझे कारण दुसरे. अडतीस वर्षे मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले आणि उलटतपासणीवाचून कोणत्याही साक्षीदाराचे ऐकू नका असे सांगत आलो. माझ्या स्मृतीला त्यातून सूट देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

निमित्त मात्र बाहेरून आले. टिलरी दफनभूमी मंडळाच्या नव्या सचिव टेंपरन्स ब्लाउंट (माझ्या चुलतभावाची मुलगी, वकील, वय चौतीस, सगळे टेंपी म्हणतात) यांनी परिपत्रक काढले आहे की, जुन्या सभासदांनीही आपला वंश नव्याने सिद्ध करावा. आमचे मूळपुरुष जोशुआ टिलरी, व्हर्जिनियातील तंबाखूचे मळेवाले, १७९१ साली वारले. त्यांच्या दफनभूमीत त्यांच्या वंशजालाच, आणि वंशजाच्या पतीला वा पत्नीला, जागा मिळते. पिढीचा प्रत्येक दुवा मृत्युपत्राने, जमिनीच्या दस्ताने किंवा कोर्टाच्या नोंदीने सिद्ध झाला पाहिजे. घरच्या बायबलमधील जन्ममृत्यूच्या नोंदी चालत नाहीत. तोंडी परंपरा चालत नाही. खाजगी ताब्यातून आलेले कागद चालत नाहीत.

हा नियम १९८२ मध्ये मीच लिहिला. अकरा सभासदांपैकी परिपत्रकाचे स्वागत करणारा मी एकटा आहे. तिथे माझी पत्नी लुसिंडा सहा वर्षांपूर्वी विसावली. तिच्या उजव्या हाताची जागा माझी. माझे कागद दोन दिवसांत तयार होतील.

९ मार्च

झाले नाहीत.

माझ्यापासून मागे ड्रुरी टिलरीपर्यंत सर्व दुवे लोखंडासारखे पक्के आहेत. ड्रुरी १७९५ पासून शेतसाऱ्याच्या यादीत आहे. जोशुआ १७९१ पर्यंत आहे. पण ड्रुरी हा जोशुआचा मुलगा, असे म्हणणारा एकही कागद लँगफर्ड काउंटीच्या दप्तरात नाही. तो जोशुआचा मुलगा होता, हे मला जन्मापासून ठाऊक आहे. म्हणजेच, काटेकोरपणे बोलायचे तर, मला ते ठाऊक नाही.

दप्तराच्या खिडकीवरील बाई जोशुआचे मृत्युपत्र मागताच हसल्या.

"प्रोफेसर, कोर्ट जळलं १८६५ ला. तुम्ही थोडे उशिरा आलात."

"मला कल्पना आहे. परंतु काही पुस्तके वाचली होती, असे म्हणतात."

"वाचली ना. एक कुत्र्यांच्या नोंदीचं वाचलंय. काढू?"

मी नको म्हटले. बाहेर आल्यावर वाटले, पाहायला हरकत नव्हती.

१२ मार्च

टेंपी घरी आली. तिने दारातच विचारले, "काका, जेवलात का?" प्रश्न विषयाशी संबंधित नव्हता. मी तिच्यापुढे अनुमान मांडले: ड्रुरी जोशुआचा मुलगा असल्याचे सिद्ध नाही; म्हणून मी वंशज असल्याचे सिद्ध नाही; म्हणून लुसिंडाला माझी पत्नी या नात्याने मिळालेली जागा नियमबाह्य आहे.

"अहो काका, काकूंना आता कोण उठवतंय?"

"कोणी उठवत नाही, म्हणजे हक्क आहे असे होत नाही."

"बरं, मग नियम जरा सैल करू. तुमच्यापुरता."

"माझ्यापुरता सैल केलेला नियम म्हणजे नियम नव्हे, टेंपरन्स. ती कृपा."

"मग घ्या ना कृपा! इतके लोक जगतात की कृपेवर."

"ते वंशज नसतील."

तिने डोक्याला हात लावला. आणलेले हॅमचे पाव मात्र ठेवून गेली. अनुमानातील दोष तिला सापडला नाही. मलाही सापडलेला नाही, आणि यावेळी मला त्याचा आनंद झाला नाही.

१३ मार्च

आज काही घडले नाही. म्हणजे ड्रुरीला आजही बाप नाही.

२२ मार्च

मंडळाची जुनी कपाटे आवरताना टेंपीला माझे एक पत्र (कार्यालयीन प्रत) सापडले. तिने ते फोनवर वाचून दाखवले, अधूनमधून थांबत. तिला खोकला झाला असावा.

पत्र १९८३ चे, सात पानी. मिस ओडेसा ग्रेव्हली यांचा अर्ज मी त्यात नामंजूर केला होता. त्यांचे पूर्वज जोशुआचे गुलाम होते. त्यांचे म्हणणे, त्या कुटुंबालाही दफनभूमीत हक्क आहे. निर्णयामागे केवळ पद्धतीचा प्रश्न होता, हे मी पहिल्या पानावर चार वेळा आणि शेवटच्या पानावर दोनदा स्पष्ट केले आहे. सहाव्या पानावर हे वाक्य आहे:

"आपण सोबत जोडलेला, यादीत 'म्हाताऱ्या जोशुआचे मृत्युपत्र, चार पाने' असे वर्णन केलेला कागद खाजगी ताब्यातील असल्याने, आणि तो वाचल्यास माझ्या निःपक्षपातीपणास बाधा येण्याचा संभव असल्याने, मी न वाचता परत करीत आहे."

"काका," टेंपी म्हणाली, "तो कागद तुमच्या हातात होता."

"होता."

"आणि तुम्ही उघडला नाहीत."

"उघडणे नियमाला धरून झाले नसते."

पलीकडून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत राहिला.

२५ मार्च

मिस ओडेसांचे घर माझ्यापासून अर्ध्या मैलावर आहे. तिथे मी यापूर्वी कधी गेलो नव्हतो, लुसिंडा जाई. दर गुरुवारी कसलेतरी भांडे परत करायला जाई. इतकी भांडी आमच्याकडे कशी येत, हा प्रश्न मी विचारला नव्हता.

मिस ओडेसा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. तीस वर्षे त्यांनी गावचे पोस्ट सांभाळले. ओसरीत बसून शेंगा सोलत होत्या. उठल्या नाहीत.

"या प्रोफेसर. एकवीस वर्षं लागली अर्धा मैल यायला. पाय दुखत असतील."

मी येण्याचे प्रयोजन सांगितले. त्यांनी सर्व ऐकून घेतले.

"म्हणजे तुम्हाला आता माझा कागद बघायचाय."

"आपली परवानगी असल्यास."

"तुमचं ते पत्र आठवतंय ना? माझ्याच खिडकीवर आणून दिलंत. पाकिटावर माझं नाव, खिडकीत मी. आणि मला काय म्हणालात? 'रजिस्टर करा, पोहोचल्याची पावती पाहिजे.'"

"टपालाची ती रीत आहे."

"रीतच होती हो. मीही रीतीनं शिक्का मारला, पाकीट मागच्या खोलीत नेलं, पुन्हा खिडकीत आणलं, मलाच दिलं, आणि माझी सही घेतली. तुम्ही उभे होतात तोवर. पावती नेलीत आणि वर 'धन्यवाद' म्हणालात."

मला ते आठवत नव्हते. मात्र पावती माझ्या कपाटात आहे, तेव्हा ते घडले असलेच पाहिजे.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा त्यांनी आतून आणला. उघडण्यापूर्वी माझ्यापुढे रताळ्याच्या 'पाय'ची, म्हणजे गोड केकवजा पदार्थाची, बशी ठेवली आणि म्हणाल्या, हे संपल्याशिवाय हात धुता येणार नाहीत, आणि हात धुतल्याशिवाय कागदाला लावता येणार नाहीत. ही अट मला रास्त वाटली.

२६ मार्च

मृत्युपत्र खरे आहे. १७९१ ची नोंद, कोर्टाच्या कारकुनाची सही, नकलेवर शिक्का. तिसऱ्या पानावर: "माझा मुलगा ड्रुरी."

ड्रुरीला बाप मिळाला. मी ते वाक्य तीनदा वाचले. तिसऱ्यांदा वाचण्याचे तार्किक कारण नव्हते.

त्याच पानावर जोशुआ आपली गुलाम फिलिस आणि तिचा मुलगा इशॅम यांना मुक्त करतो. दफनभूमीच्या उत्तरेला लागून असलेली पाच एकर जमीन इशॅमला देतो. आणि लिहितो की ड्रुरी व त्याची प्रजा, तसेच इशॅम व त्याची प्रजा, यांना "मी जेथे पुरला जाईन त्या भूमीत" कायमची जागा असावी.

"इशॅमला एवढे औदार्य का दाखवले, याचे कारण कागदात दिलेले नाही," मी म्हणालो. "मी ते तर्काने काढणार नाही."

"नका काढू," मिस ओडेसा म्हणाल्या. "पण प्रोफेसर, दोन्ही पोरांना एकाच वाक्यात कशाला बसवलं असेल? शाई वाचवायला?"

भिंतीवर त्यांच्या दिवंगत भावाचा फोटो आहे. कान माझ्या आजोबांसारखे. दोन माणसांवरून निष्कर्ष काढता येत नाही. मी तसे बोलूनही दाखवले.

"मी कुठे काही म्हटलं?" त्या म्हणाल्या.

१४ एप्रिल

चार पानांची नक्कल करायला सात बैठका लागल्या. अक्षर जुने आहे. शिवाय मिस ओडेसांकडे जेवणाची वेळ साडेअकरा ते दोन अशी लवचीक असते.

आज एक प्रश्न सुटला. टिलरींच्या कोणत्याही घरात या मृत्युपत्राची नक्कल नाही, मग ती ग्रेव्हलींकडे कशी? मला वाटले होते, योगायोग.

"योगायोग कसला? व्हर्जिनियात काळा माणूस रस्त्यानं चालला आणि शेरीफनं अडवलं, तर काय दाखवणार? कुणी मोकळं केलं, कुठल्या कागदानं, कधी. कागद नसला की धरून नेत, विकूनही टाकत. माझ्या खापरपणजीनं हा स्कर्टच्या अस्तरात शिवून ठेवला होता. तुम्हाला कोण विचारणार होतं, की बाबा, तू टिलरी कशावरून?"

"कोणी नाही."

"म्हणून तुमच्याकडे नाही."

युक्तिवाद निर्दोष होता. मी तसे सांगितले. त्या म्हणाल्या, युक्तिवाद नाही केला, सांगितलं फक्त.

परत येताना माझ्या लक्षात आले की, खाजगी ताब्यातील कागद संशयास्पद मानावा या कलमामागे माझे गृहीत असे होते की, माणूस सोयीचे तेवढे जपतो. जिवावर बेतणारे आणखी काटेकोरपणे जपतो, ही शक्यता विचारात घेतलेली नव्हती. परीक्षेत विद्यार्थ्याने असे केले असते तर मी त्याचे गुण कापले असते. लुसिंडाने एकदा असेच काहीसे म्हटले होते, पण तेव्हा मी ते कलम लिहीत होतो.

८ मे

मंडळाची सभा. दफनभूमीत हक्क असणे म्हणजे काय, आणि खाजगी ताब्याचे कलम का रद्द करावे, यावर मी पन्नास मिनिटे बोललो. बारा मुद्दे होते. नवव्या मुद्द्याला शेजारच्या काउंटीतील बर्नार्ड टिलरी उठला.

"माझं डोकं बधिर झालंय. हे कलम कोणत्या गाढवानं घातलं होतं?"

"मी," मी म्हणालो.

"मग एवढं भाषण कशाला? चुकलं म्हणा आणि बसा खाली!"

मी म्हणालो, "चुकले." आणि बसलो. तीन मुद्दे शिल्लक होते. ठराव दहा विरुद्ध शून्य मंजूर झाला. एक सभासद खाण्याच्या टेबलाशी होते. त्याच ठरावाने मिस ओडेसा आणि मी, दोघेही दाखल झालो. त्या शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. टेंपीने अभिनंदन केले तेव्हा म्हणाल्या, "माझं काय गं? मी तर २१३ वर्षांपासून आहेच. ह्यांचं कर. नवीन आहेत ते."

१५ मे

पुढचे पाऊल उघड होते. हक्क जोशुआने मृत्युपत्रात दफनासाठी राखलेल्या अर्ध्या एकरात आहे. तेव्हा अर्धा एकर मोजला पाहिजे. आजचे लोखंडी कुंपण माझ्या आजोबांनी १९११ साली घातले. त्याच्या पूर्वेला, कुंपणाबाहेर, गवतात चाळीस-एक ओबडधोबड दगड उभे आहेत. ती मिस ओडेसांची माणसे. मृत्युपत्रात मोजमाप स्पष्ट आहे: झऱ्याच्या वाटेवरील खुणेच्या दगडापासून पूर्वेला दहा काठ्या, उत्तरेला आठ. जुनी काठी म्हणजे साडेसोळा फूट.

मिस ओडेसांना हे पटले नाही.

"फाटक उघडं ठेवा आणि पूर्वेकडचं कुंपण काढा. झालं. मोजायचं कशाला?"

"न मोजता काढले, तर उद्या कोणी विचारेल, कशावरून."

"कोणी विचारणार नाही, प्रोफेसर. ऐका माझं. मोजू नका."

"मोजमापाला भिण्याचे कारण फक्त चूक असणाऱ्याला असते."

"बरं," म्हणाल्या. "उन्हात टोपी घालून या."

१९ मे

मोजले. फितीचे एक टोक टेंपीकडे, दुसरे माझ्याकडे. मिस ओडेसा घडीची खुर्ची घेऊन झाडाखाली बसल्या.

पूर्वेकडे मी म्हणालो तेच निघाले. चाळीस दगड पूर्णतः अर्ध्या एकराच्या आत आहेत. त्यांना बाहेर ठेवणारे कुंपण चुकीचे आहे.

उत्तरेकडे आठ काठ्या म्हणजे एकशे बत्तीस फूट. कुंपण एकशे सेहेचाळीस फुटांवर आहे. पूर्वेला जे आजोबांनी सोडले, त्यातले काही उत्तरेला घेतले. तिकडे जमीन सपाट आहे. कुंपणाच्या आतले पण अर्ध्या एकराच्या बाहेरचे ते चौदा फूट इशॅमच्या पाच एकरात पडतात. म्हणजे मिस ओडेसांच्या मालकीचे.

त्या चौदा फुटांत दोन कबरी आहेत. एक मंडळाचे दिवंगत अध्यक्ष रदरफर्ड टिलरी यांची. १९८२ मध्ये माझ्या नियमाला अनुमोदन त्यांनीच दिले होते. दुसरी लुसिंडाची.

मी पुन्हा मोजले. टेंपी म्हणाली, "काका, पुरे." मी तिसऱ्यांदा मोजले. फीत कापडी नव्हती, पोलादी होती. ताणली जाण्याचा संभव नव्हता.

२३ मे

टेंपी वकील म्हणून आली होती.

"सोपं आहे, काका. कुंपण १९११ पासून आहे. इतकी वर्षं उघडपणे, कुणाच्या हरकतीशिवाय ताबा असला की कायद्यानं जागा आपली. कोर्टात अर्धा तास लागेल."

मी आदल्या रात्री जेवणापूर्वीच त्याचा अकरा पानी मसुदा लिहून काढला होता. मसुदा उत्तम आहे. तरीही मी नकार दिला. माझे कारण पूर्णपणे तांत्रिक आहे: असा ताबा अनन्य, म्हणजे केवळ एकाचाच, असावा लागतो. चौकशीअंती कळले की कुंपणाच्या आतले गवत मिस ओडेसांची आई चाळीस वर्षे आणि नंतर त्या स्वतः कापत आल्या आहेत. आम्हा टिलरींपैकी कोणी कधी कापले नाही. ते आपोआप कमी राहते, असा माझा समज होता.

"कोर्ट एवढं बारीक बघणार नाही," टेंपी म्हणाली.

"मी पाहिले आहे."

जाताना तिने माझ्या गालाचे चुंबन घेतले. आमच्या घराण्यात हे नाताळातच करतात.

२९ मे

उद्या जातो. अर्ज लिहिला, फाडला. पुन्हा लिहिला. शेवटच्या परिच्छेदात मी कोणत्या हक्काने मागतो हे लिहायचे असते. तिथे जागा कोरी राहते. जोशुआचा वंशज म्हणून माझा हक्क एकशे बत्तिसाव्या फुटाला संपतो. तिथून पुढे माझ्याकडे एकही कागद नाही.

३० मे, रविवार

मिस ओडेसा चर्चमधून नुकत्याच आल्या होत्या; डोक्यावर जांभळी हॅट. मी अर्जाशिवाय गेलो. बसा म्हणाल्या, मी उभा राहिलो.

"ती जागा आपली आहे, हे आपल्याला ठाऊक होते."

"खड्डा खणला त्या दिवसापासून. इथं ओसरीतून दिसत होतं सगळं."

"मग आपण बोलला का नाहीत?"

"मी बोलले असते तोंडी. तुमच्याकडे तोंडी कुठे चालत होतं?"

त्या पुढे म्हणाल्या, "आणि खरं सांगू? बरं वाटलं मला. म्हटलं, लुसिंडा आली आपल्यात. गुरुवारचं येणं थांबलं होतं ना तिचं."

मी हॅट हातात घेतली. म्हणालो की, मला त्याच ठिकाणी, तिच्या उजव्या हाताला, पुरले जाण्याची परवानगी हवी आहे. आणि मी ती मागण्याच्या स्थितीत नाही, याची मला जाणीव आहे.

त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि या भागात अनोळखी माणसाला दारात विचारतात तो प्रश्न विचारला.

"कोण तुम्ही? कुणापैकी?"

"अँब्रोज टिलरी. ड्रुरीच्या शाखेतला. ड्रुरी हा जोशुआचा..."

"ते राहू द्या. तो कागद माझ्याच डब्यात आहे. त्या चौदा फुटांत जोशुआला कोण विचारतंय? तिथं मी विचारते. कुणाचे तुम्ही?"

पर्याय एकेक करून बाद झाले. जो उरला, त्याला पुरावा काय देता येईल ते मला सुचत नव्हते. तरी तोच खरा होता.

"मी लुसिंडाचा नवरा," मी म्हणालो.

"मग या," मिस ओडेसा म्हणाल्या. "घाई करू नका, पण या."

मी लेखी मागितले नाही.